मोटर की एम. कॉम.

आमच्या सरांनी चहा कधी नुसता चहा म्हणून घेतला नाही. सांगलीत कॉलेजच्या फाटकासमोर पत्र्याचं एक हॉटेल होतं. दुपारी ते तिथं यायचे, बाकावर बसायचे, चहा मागवायचे आणि जो कोणी विद्यार्थी समोर सापडेल त्याला विचारायचे, "हा चहा मी घेतोय, तो कशाऐवजी?" पहिल्या खेपेला मी घाबरून म्हणालो, कॉफीऐवजी. त्यांनी मान हलवली. कॉफी त्या हॉटेलात मिळतच नव्हती, आणि जे मिळणारच नाही ते सोडलं असं म्हणता येत नाही. मग त्यांनीच खुलासा केला की तेवढ्याच पैशात भज्यांची अर्धी प्लेट येते आणि चहासाठी त्यांनी ती सोडलेली आहे, तेव्हा चहाची खरी किंमत अर्धी प्लेट भजी. हॉटेलवाल्याला हे रोज ऐकावं लागे. एकदा तो वैतागून म्हणाला, "सर, आज भजी खावा आन् च्या सोडा, म्हंजी एकदाचं फिटंल." सरांनी त्यावर गंभीरपणे विचार केला, भजी घेतली, आणि संध्याकाळपर्यंत चहाची आठवण काढत राहिले.

ते आम्हाला बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला शिकवायचे. विद्यापीठानं त्या पेपरला एक भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं, आम्ही पोरं नुसतं फायनान्स म्हणायचो. कंपनीनं भांडवल कुठून आणावं, कशात घालावं, घातलेलं परत कधी येतं आणि तोवर त्याचं वजन किती उरतं, असा सगळा तो विषय. गोष्ट सत्तरच्या दशकातली. आमच्यातल्या निम्म्या पोरांनी साखर कारखाना सोडला तर आतून कुठलाही कारखाना पाहिलेला नव्हता. मी फलटणकडच्या एका खेड्यातला. आत्या सांगलीत होती म्हणून तिकडं शिकायला गेलो. सुट्टी संपली की डोक्यावर पिठाचा डबा घेऊन लोणंदला पॅसेंजर पकडायची आणि आत्याकडं उतरायचं, असं माझं उच्च शिक्षण चाललं होतं.

सरांच्या खिशात शाईचं पेन आणि शिसपेन्सिल शेजारी शेजारी असायची. त्यांच्या तासाला एकच नियम होता. उदाहरणात जे गृहीत धराल ते शाईनं लिहायचं आणि उत्तर पेन्सिलीनं. आम्हाला शाळेपासून उलटी सवय, उत्तर ठळक आणि खाली दोन रेघा. सरांचं म्हणणं, उत्तर काय, तक्ता पाहून कोणीही काढेल. पण व्याज किती धरलं, वर्षं किती धरली, माल खपेल हे कशाच्या जोरावर धरलं, याची जबाबदारी माणसानं घ्यायला हवी आणि ती खोडता येता कामा नये. मी एकदा एका यंत्राचं आयुष्य दहा वर्षं धरलं. पुस्तकातल्या उत्तराशी मेळ बसेना, म्हणून शाईतल्या दहाचे हळूच बारा केले. मेळ बसला. सरांनी वही खिडकीच्या उजेडाकडं धरली आणि शांतपणे विचारलं, "यंत्र दोन वर्षं जास्त का चाललं?" मग तेच म्हणाले, "तुमच्या सोयीसाठी?" वर्ग हसला. उत्तर बरोबर असून मला शून्य मिळालं, आणि मी पुढचे आठ दिवस ते रस्त्यात दिसले की बाजूच्या गल्लीत वळत होतो.

वर्गाबाहेर शिकवायची त्यांना भारी हौस. एका सकाळी त्यांनी आम्हा वीसेक जणांना सायकलीवरून हरिपूरला नेलं. तिथं हळदीची पेवं आहेत. जमिनीत खोल खणलेली, पोट मोठं आणि तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं. त्यात हळद भरून तोंड बंद केलं की ती वर्षानुवर्षं राहते. व्यापारी भाव चढायची वाट बघत वर निवांत असतो. त्या दिवशी एका जैन व्यापाऱ्याचं पेव उघडायचं होतं. त्यांना सगळे अण्णा म्हणत. भाव चढला होता, गिऱ्हाईक दारात होतं, हमाल तयार होते. पण झाकण काढलं तरी कोणी आत उतरेना. बंद पेवात वाईट हवा साठते, ती निघून जाईपर्यंत थांबावं लागतं. दोरीला बांधून कंदील खाली सोडला, तो विझला. तासाभरानं पुन्हा सोडला, पुन्हा विझला. आम्ही कंटाळून पोत्यांवर आडवे झालो, एकदोघं तर नदीवर पोहून आले. सर मात्र पेवाच्या तोंडापाशी उकिडवे बसून होते. तिसऱ्या खेपेला कंदील तेवत राहिला आणि हमाल उतरला. सर उठले, गुडघे चोळले आणि एवढंच म्हणाले की भाव आज आला म्हणून पैसा आजच हातात येत नाही, आणि मधला वेळ ज्याचा त्याला सोसावा लागतो. जितका उशीर, तितकं त्या पैशाचं आजचं वजन कमी. झालं, धडा संपला.

अण्णा गालातल्या गालात हसत होते. त्यांनी विचारलं, सर, एवढं कळतंय तर स्वतःचं एक पोतं तरी ठेवलंय काय कधी? सर म्हणाले, नाही, मला रात्री झोप लागायची नाही.

सरांकडं एक वही होती. लोक खर्च लिहितात, हे सोडलेल्या गोष्टी लिहीत. आज नाटकाला गेलो, त्यापायी मित्राची भेट सोडली. आज पेपर तपासले, त्यापायी संध्याकाळचं नदीवरचं फिरणं सोडलं. दर दिवसाची एक ओळ, अशा पंधरावीस वह्या कपाटात होत्या. काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, आम्हाला पोहे देताना म्हणायच्या की बाकी काय हवं ते वाचा, पण त्या वह्यांत मी कितव्या पानावर आहे तेवढं मला सांगू नका. सर यावर लाजायचे. त्यांना लाजताना पाहणं ही आमच्यासाठी मोठी करमणूक होती.

पण हा सगळा विक्षिप्तपणा हसण्यावारी न्यायचा नव्हता, हे आम्हाला एका प्रसंगानं कळलं. संस्थेला मुलांसाठी मोठं वसतिगृह बांधायचं होतं आणि त्याचा हिशेब सरांकडं आला. सरांचं उत्तर आलं की हे परवडणार नाही. वरून निरोप आला की व्याज थोडं कमी धरा, मग परवडेल. सरांनी उलट निरोप पाठवला की व्याज कमी झाल्यावर कमी धरीन. त्यानंतर विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली ती त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी धाकट्या माणसाला मिळाली. सर त्या माणसाच्या सत्काराला गेले, पेढा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या तासाला वेळेवर हजर होते. त्यांनी तास बुडवल्याचं कोणी पाहिलेलं नव्हतं.

मला बी. कॉम.ला पहिला वर्ग मिळाला. पुढं एम. कॉम. करायचं, तेही सांगलीतच आणि सरांच्याच हाताखाली, हे मी मनातल्या मनात कधीच ठरवून टाकलं होतं. नेमकी त्याच उन्हाळ्यात आत्याच्या यजमानांची सोलापूरला बदली झाली. म्हणजे आता खोली, खानावळ, फी, सगळं अंगावर येणार. आणि घरात पैसा होता तो एवढाच, आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होताना मिळालेला, पोस्टात ठेवलेला. त्या पैशाचं आबांनी आधीच ठरवलं होतं. गावात विजेचे खांब आले होते. आमच्या विहिरीवरच्या जुन्या इंजिनावर दोनच एकर ऊस भिजायचा, बाकीचं रान कोरडं. विजेची मोटर बसवली की आणखी दोन एकर उसाखाली येणार होतं. आबा लोणंदला जाऊन मोटर बघून आले होते आणि दुकानदारानं लिहून दिलेला कागद सदऱ्याच्या खिशात घालून हिंडत होते. मला त्यांनी एकदाच सांगितलं, झालं तेवढं शिक्षण बास. आमच्या घरात आबांना उलट बोलायची रीत नव्हती. मी गोठ्यात जाऊन बसलो आणि पोटभर रडलो.

कॉलेजचा दाखला आणायला सांगलीला गेलो तेव्हा सरांना सांगितलं की मी येणार नाही, आबा मोटर घेतायत. मला वाटलं, ते हळहळतील. त्यांनी विचारलं, "किती हॉर्सपॉवरची?" मला माहीत नव्हतं. मोटर किती वर्षं चालते, विजेचा आकार किती, एकरी ऊस किती निघतो, यातलं मला धड काहीच सांगता येईना. सर म्हणाले, आकडे अर्धवट आहेत, रविवारी मी येतो.

रविवारी ते खरंच आले. पॅसेंजरनं लोणंद, तिथून एस. टी. मी फाट्यावर घ्यायला गेलो होतो. सरांच्या बगलेत पुठ्ठ्यावर डकवलेला तक्ता, त्यांनीच हातानं आकडेमोड करून तयार केलेला. किती वर्षांनी येणाऱ्या रुपयाचं आज किती वजन, ते त्यात पाहायचं. माझी खात्री पटली की सर आबांपुढं माझी बाजू मांडायला आले आहेत. वाटेत आमचं रान लागलं. ऊस छातीला आला होता. सरांनी थांबून विचारलं, कधी लावला? मी म्हणालो, संक्रांत झाल्यावर. तुटणार कधी? पुढच्या संक्रांतीला. याला सुरू ऊस म्हणतात, बारा महिन्यांचा. दुसरा एक आडसाली असतो, तो जुलैत लावतात आणि तो दीड वर्ष रानात उभा असतो, त्याचं टनेजही जास्त पडतं. आम्ही का लावत नाही, असं सरांनी विचारलं. मी सांगितलं, आबा म्हणतात की दीड वर्ष पैसा रानात उभा ठेवायचा दम आपल्यात नाही. सरांनी मान डोलावली. आबांचं हे बोलणं त्यांना फारच पटलेलं दिसलं.

घरी आबांनी खाटेवर घोंगडी अंथरली, पाणी दिलं, आणि सर काही बोलायच्या आत स्वतःच सुरुवात केली. "सर, पोरगं हुशार हाय, ह्ये मला ठावं हाय. त्येच्यासाठनं आला असाल तर उगी तरास घेऊ नगा."

"मी त्याच्यासाठी आलेलो नाही," सर म्हणाले. "तुमच्याकडं पैसा एक आणि वाटा दोन आहेत. कुठली बरी ते काढून देतो. मोटर बरी निघाली तर मोटर घ्या म्हणून सांगीन."

आबांना हे आवडलं. त्यांनी खिशातला कागद काढून दिला. मला मात्र उंबऱ्यावर बसल्या बसल्या घाम फुटला, कारण सर बोलतात तसं करतात हे मला आबांपेक्षा जास्त माहीत होतं.

दोन तास ते गणित चाललं. आई दोनदा जेवायला बसा म्हणून गेली. सर शाईनं एकेक ओळ लिहीत होते आणि मोठ्यानं वाचत होते. मोटरची किंमत, तिचं आयुष्य, वीज, बेणं, खत. नव्या दोन एकरांचा ऊस, दर बारा महिन्यांनी. मग दुसऱ्या बाजूला माझी फी, खोली, खानावळ आणि तिसऱ्या वर्षापासून मिळेल तो पगार. पगार त्यांनी इतका कमी धरला की मला अपमान झाल्यासारखं वाटलं. एक वर्ष नोकरी न मिळण्याचंही धरलं. मग तक्त्यावर बोट फिरवत पेन्सिलीनं आकडे मांडले, बेरजा केल्या, पुन्हा तपासल्या आणि कागद आबांकडं फिरवला.

"मोटर घ्या," ते म्हणाले.

मला त्या क्षणी सरांचा राग आला. खरंच आला. एवढ्या लांब येऊन माझ्या नरड्याला हात घालायची काय गरज होती, असं वाटलं. आई चुलीपाशी थबकली होती. सरांनी माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा इतका पडला होता की माझा राग निम्मा ओसरला. त्यांनाही मी हवा होतो. पण आकडा त्यांनी तसूभर हलवला नव्हता.

आबांनी चष्मा लावला. पलटणीत राहून त्यांना इंग्रजी आकडे चांगले वाचता यायचे. प्रत्येक ओळीवर बोट ठेवत ते खाली खाली आले आणि उसाच्या ओळीवर थांबले. हे काय लिहिलंय म्हणून त्यांनी विचारलं. सर म्हणाले, ऊस, बारा महिन्यांनी. आबांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आवं सर, हितं चुकलंय," ते म्हणाले. "आमचा ऊस आडसाली असतोय. अठरा म्हयनं लागत्यात."

आमच्या रानात आडसाली कधीही नव्हता. ऊस घराबाहेर दोनशे पावलांवर उभा होता, छातीएवढा, संक्रांतीचा. आणि सरांना हे मीच वाटेत सांगितलं होतं.

सरांनी आबांकडं पाहिलं. मग माझ्याकडं. एक शब्द विचारला असता तरी मला खरं बोलावं लागलं असतं, आणि ते विचारणार याची मला खात्री होती. पेन त्यांच्या हातात तसंच होतं. आबा शांत बसले होते, पलटणीत बसत असतील तसे, पाठ ताठ ठेवून. मग सरांनी शाईतले बारा शाईनंच खोडले आणि वर अठरा लिहिले. आडसालीचं टनेज जास्त धरायला हवं होतं, पण त्या आकड्याला त्यांनी हात लावला नाही. पुठ्ठ्याचा तक्ता पुन्हा पुढं ओढला. आता उसाचा प्रत्येक पैसा उशिरा येत होता, आणि उशिरा येतो म्हणून हलका पडत होता. खालचा आकडा लिहून झाल्यावर त्यांनी कागद पुन्हा फिरवला.

"आता एम. कॉम. बरं," ते म्हणाले. "पण अगदी थोडक्यानं."

"थोडक्यानं का हुईना," आबा म्हणाले, आणि आईला हाक मारली, "वाढ गं."

आबांनी असं का केलं ते मी कधी विचारलं नाही. सर माझी वकिली करायला आले असते तर आबांनी मोटरच घेतली असती, एवढं मात्र मला ठाऊक आहे. फाट्याकडं परत जाताना मी धीर करून म्हणालो, सर, आमचा ऊस आडसाली नाही. सर चालत राहिले. शेत तुमच्या आबांचं आहे, म्हणाले, आणि एस. टी. वेळेवर येते का ते विचारलं.

मी एम. कॉम.ला गेलो. संक्रांतीला तो ऊस तुटून कारखान्याला गेला. दरवर्षी लगेच नवी लागण व्हायची, त्या वर्षी आबांनी रान तसंच ठेवलं. उन्हाळ्यात भुईमूग तेवढा काढला. पुढच्या दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा आमच्या दोन्ही एकरांत कमरेएवढा कोवळा ऊस उभा होता. दिवाळीत एवढा ऊस म्हणजे जुलैची लागण. हा तुटायला अजून सव्वा वर्ष होतं. तोवर घरात उसाचा रुपया येणार नव्हता. आईनं एक म्हैस वाढवली होती आणि ती पहाटे उठून डेअरीला दूध घालत होती. मी बांधावर उभा राहिलो. आबा दुखरा गुडघा धरून, पाणी सरीत वळवायला दारं मोडत होते.

"आबा, आडसाली लावला?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली नाही. "सरांस्नी सांगितलं व्हतं न्हवं," ते म्हणाले.

सुट्टी संपल्यावर मी हे सरांना सांगितलं. सकाळच्या तासाला जाता जाता ते वर्गाच्या दाराशी थांबले होते. त्यांनी विचारलं, किती एकर? मी म्हणालो, सगळा. आबा काय म्हणाले ते त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं, आबांच्याच शब्दांत. मी सांगितलं. सरांचे डोळे भरून आले. वर्ग आत वाट बघत होता. सर तसेच मागं वळले आणि जिना उतरून गेले. त्या दिवशी त्यांनी तास घेतला नाही.